घ्यायला कोण आले होते?

आमच्याकडे खेळ म्हटला की क्रिकेट. असरच्या नमाजनंतर मगरिबच्या अजानपर्यंत मोहल्ल्यातली सगळी मुले मैदानात असतात, आणि पावसाळ्यात कॅरमवर. बास्केटबॉल कॉलेजच्या आवाराबाहेर फारसा पोहोचलेला नाही. तरीही गेले वर्षभर आमच्या घरात जेवताना, चहा पिताना एका अमेरिकन कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचा विषय निघतो. तोही आजच्या संघाचा नाही, 1982-83 च्या हंगामातल्या संघाचा. ऐंशी पार केलेल्या दादीपासून दहावीतल्या मुलीपर्यंत सर्वांना त्या हंगामातल्या शेवटच्या सामन्याचे शेवटचे मिनिट तोंडपाठ आहे. हे कसे झाले आणि त्यातून आमच्या घराला काय मिळाले, ते सांगावेसे वाटले म्हणून हा लेख.

आमचा पुतण्या अमेरिकेत ह्यूस्टन विद्यापीठात शिकतो. एप्रिल 2025 मध्ये त्याच्या विद्यापीठाचा संघ देशभरातल्या कॉलेजांच्या स्पर्धेत अंतिम फेरीत पोहोचला आणि फ्लोरिडाकडून 65-63 असा हरला. आमच्याकडे सकाळच्या न्याहारीची वेळ होती, तिकडे रात्र. पुतण्याचा फोन आला तेव्हा आवाज असा पडलेला की घरात काही बरेवाईट झाले की काय, असे वाटून आमच्या हातातला चहा खाली ठेवला गेला. "चाची, दोन गुणांनी गेला सामना," तो म्हणाला. "इथले जुने लोक म्हणतायत, पुन्हा दोनच गुण. 1983 लाही असंच झालं होतं."

1983 ला काय झाले होते, ते त्याने मग सविस्तर सांगितले. पुढे मे महिन्याच्या सुट्टीत आमचा धाकटा मुलगा घरी आला. तो आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या संघात खेळतो. त्याने त्या सामन्याची जुनी चित्रफीत शोधून टीव्हीवर लावली आणि आम्ही सगळे ती पाहायला बसलो.

बास्केटबॉल न पाहिलेल्या वाचकांसाठी थोडे सांगतो. दोन्ही बाजूंना पाच-पाच खेळाडू. जमिनीपासून 10 फूट उंचीवर लोखंडी कडी. तिच्यात चेंडू गेला की दोन गुण. प्रतिस्पर्ध्याने नियमाबाहेर धक्का दिला, तर काही वेळा खेळाडूला 15 फुटांवरच्या रेषेवर उभे करतात. समोर अडवायला कोणी नसते. शांतपणे चेंडू टाकायचा, गेला तर एक गुण. याला फ्री थ्रो म्हणतात. पाहायला सर्वांत सोपा, आणि सराव करायला सर्वांत कंटाळवाणा. अमेरिकेत कॉलेजांचा हंगाम साधारण नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्चमध्ये बाद फेरीची मोठी स्पर्धा येते. तिच्यात एकदा हरलात की हंगाम संपला. 1983 मध्ये तिच्यात 52 संघ होते.

ह्यूस्टनचे प्रशिक्षक होते गाय लुईस. सामन्यात बाकावर बसून हातातला लाल-पांढऱ्या ठिपक्यांचा टॉवेल पिळत राहणारा, चावत राहणारा माणूस. दक्षिणेकडच्या कॉलेजांत काळ्या खेळाडूंना संघात घेत नसत, त्या काळात 1964 साली लुईस यांनी एल्विन हेज आणि डॉन चेनी या दोन काळ्या मुलांना ह्यूस्टनमध्ये आणले. त्यानंतर जानेवारी 1968 मध्ये त्याच संघाने कॅलिफोर्नियाच्या यूसीएलए संघाला 71-69 असे हरवले. तो सामना पाहायला 52,693 माणसे आली होती. हरलेल्या संघात ल्यू अल्सिंडर नावाचा उंच तरुण होता. त्याच वर्षी त्याने इस्लाम स्वीकारला आणि पुढे जगाने त्याला करीम अब्दुल-जब्बार या नावाने ओळखले. आमच्या धाकट्याच्या खोलीत त्याचे चित्र आहे, त्यामुळे हे ऐकल्यावर त्याचे कान टवकारले.

पण आमच्या घरातल्या चर्चेचा खरा नायक दुसराच आहे. नायजेरियातल्या लागोस शहरात सिमेंटचा व्यवसाय करणारे एक मुस्लिम कुटुंब होते. त्यांचा एक मुलगा फुटबॉलमध्ये गोलरक्षक होता आणि हँडबॉलही खेळायचा. उंची वाढत वाढत सात फुटांच्या आसपास गेली. लागोसच्या मुस्लिम टीचर्स कॉलेजात शिकत असताना कोणीतरी त्याच्या हातात बास्केटबॉल दिला, तोवर त्याने हा खेळ कधी खेळलेलाच नव्हता. दोनेक वर्षांत त्याचा खेळ पाहून गाय लुईस यांच्या ओळखीच्या एका माणसाने त्यांना कळवले की या मुलाला एकदा बघा. 1980 साली तो मुलगा ह्यूस्टनच्या विमानतळावर उतरला. त्याचे नाव हकीम ओलाजुवॉन. तेव्हा इंग्रजीत ते अकीम असे लिहीत.

विमानतळावर त्याला घ्यायला विद्यापीठाकडून कोणीही आले नव्हते. त्याने फोन केला, तर टॅक्सी करून ये असे सांगण्यात आले.

चित्रफीत पाहताना धाकटा हे सहज बोलून गेला. दादी तोपर्यंत तसबीह फिरवत, अर्धे लक्ष देऊन बसली होती. तिने हात थांबवला. "घ्यायला कोण आलंच नाही?" तिने विचारले. "एवढ्या लांबून पोर आलं, आणि कोणीच नाही?"

तिला हे का लागले, ते कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. आमचे दादा कुवेतला होते. दोन-दोन वर्षांनी यायचे. ते येणार म्हटले की गावातून ट्रॅक्स ठरवायची, तिच्यात माणसे मावायची नाहीत, तरी मामू येणार, फुफी येणार, शेजारचा एखादा मुलगा विमान बघायला येणार. रात्रभर घाट उतरत-चढत सहारला पोहोचायचे आणि बाहेर रेलिंगला धरून उभे राहायचे. विमान सहा तास उशिरा आले तरी कोणी हलायचे नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या कितीतरी घरांची दुबई, सौदी, कतारची कहाणी त्या रेलिंगपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. दादी सांगते, एका वर्षी दादांची नोकरी गेली होती. पेट्या नाहीत, भेटी नाहीत, एक बॅग घेऊन ते बाहेर आले. "त्या वर्षी ट्रॅक्समध्ये नेहमीपेक्षा दोन माणसं जास्त नेली होती मी," ती म्हणते.

तर लागोसचा हा मुलगा टॅक्सीने विद्यापीठात पोहोचला. पहिले वर्ष त्याला सामन्यांत उतरायची परवानगीच मिळाली नाही. दुसऱ्या वर्षी तो बहुतेक वेळा बाकावरून उठून नंतर मैदानात यायचा. 1982 मध्ये ह्यूस्टन उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि नॉर्थ कॅरोलायनाकडून 68-63 असा हरला. त्या विजेत्या संघात पहिल्या वर्षाला असलेला मायकेल जॉर्डन होता. त्या उन्हाळ्यात हकीम ह्यूस्टनमधल्या फोंडे नावाच्या सार्वजनिक क्रीडागृहात जाऊ लागला. तिथे मोझेस मलोन खेळायला यायचे. ते व्यावसायिक बास्केटबॉलमधले त्या वेळचे सर्वांत मोठे नाव. मोठ्यांकडून धक्के खात, पडत, उठत हकीम तिथे शिकला. आपल्याकडे उस्तादाच्या हाताखाली शिकणे म्हणतात, ते हेच.

आणि मग 1982-83 चा तो हंगाम आला. संघात क्लाइड ड्रेक्सलर होता, ह्यूस्टनमध्येच शाळा शिकलेला. लॅरी मिशो आणि मायकेल यंग होते, पहिल्या वर्षाचा अल्विन फ्रँकलिन होता. डिसेंबरात दोन सामने हरल्यावर हा संघ हरेचना. उंच उडी घेऊन चेंडू वरून कडीत कोंबायचा, याला डंक म्हणतात. ही मुले इतके डंक मारायची की एका स्थानिक पत्रकाराने कॉलेजांतल्या ग्रीक नावांच्या मंडळांची नक्कल करत त्यांना 'फाय स्लामा जामा' असे गमतीचे नाव दिले. ते देशभर झाले. सलग 26 विजय मिळाले. उपांत्य सामन्यात लुईव्हिलला 94-81 असे हरवताना हकीमने 21 गुण केले आणि 22 वेळा कडीवरून परतलेला चेंडू पकडला. आता एकच सामना उरला होता. 31 विजय, 2 पराभव, देशात पहिला क्रमांक. समोर होता नॉर्थ कॅरोलायना स्टेट. या संघाने हंगामात दहा सामने गमावले होते आणि बाद फेरीतही एक-दोन गुणांनी, कधी जादा वेळेत, जेमतेम जिंकत तो इथपर्यंत आला होता.

4 एप्रिल 1983. गाव अल्बुकर्की. समुद्रसपाटीपासून सुमारे 5,000 फूट उंच, म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षाही वर. पळापळीच्या खेळात तिथे दम लवकर लागतो.

पहिल्या अर्ध्यात ड्रेक्सलरचे चार फाउल झाले. पाच झाले की खेळाडू बाहेर, म्हणून त्याला जपावे लागले. मध्यंतराला ह्यूस्टन 25-33 असा मागे होता. दुसऱ्या अर्ध्यात वादळ आले. 17 गुण ह्यूस्टनचे, 2 समोरच्यांचे. 42-35. आमचा धाकटा टीव्हीसमोर उभाच राहिला, जणू निकाल अजून लागायचा होता.

मग लुईस यांनी वेग कमी करायला सांगितले. मुले दमली होती, आघाडी हातात होती. त्या काळी चेंडू ठराविक सेकंदांत कडीकडे टाकलाच पाहिजे, असा नियम कॉलेजांच्या या स्पर्धेत नव्हता, त्यामुळे चेंडू फिरवत वेळ काढता यायचा. समोरचे प्रशिक्षक जिम व्हाल्वानो यांनी याला उत्तर शोधले. त्यांची मुले मुद्दाम फाउल करू लागली. घ्या फ्री थ्रो. त्यांना माहीत होते की वाऱ्यासारख्या पळणाऱ्या या संघाची ती कच्ची बाजू आहे. सुमारे तीन मिनिटे उरली असताना 52-46 अशी आघाडी होती. ती वितळत 52-52 झाली. एक मिनिटाच्या आसपास वेळ उरला असताना अल्विन फ्रँकलिन रेषेवर उभा राहिला. नियम असा की पहिला गेला तरच दुसरा मिळणार. पहिलाच हुकला.

आता चेंडू समोरच्यांकडे. ते शेवटच्या क्षणापर्यंत थांबले. ह्यूस्टनच्या बेनी अँडर्सचा हात चेंडूला लागलाही, पण चेंडू हाती आला नाही. व्हिटनबर्गने सुमारे 30 फुटांवरून घाईत तो फेकला. तो कडीपर्यंत पोहोचलाच नाही. खाली उभ्या असलेल्या लॉरेन्झो चार्ल्सने तो हवेतच झेलला आणि कडीत कोंबला. 54-52. वेळ संपला. ज्या डंकसाठी ह्यूस्टन प्रसिद्ध होता, त्याच डंकने तो हरला.

त्यानंतरचे दृश्य अमेरिकेत फार प्रसिद्ध आहे. जिंकलेले व्हाल्वानो मैदानभर सैरावैरा धावताहेत, दोन्ही हात पसरून, मिठी मारायला कोणीतरी शोधताहेत, आणि जो तो आधीच दुसऱ्याच्या मिठीत. दादी ते पाहून म्हणाली, "जिंकला तरी बघा, माणूसच शोधतोय."

पुढे आठवडाभर घरात वाद चालला. धाकट्याचे म्हणणे, वेग कमी केला तिथे सामना गेला. आमची मुलगी वहीत आकडे मांडणारी. तिने सांगितले की ह्यूस्टनला त्या सामन्यात 19 फ्री थ्रो मिळाले आणि 10 गेले. नऊ हुकले, आणि सामना दोन गुणांनी गेला. तिच्या मते इतका लांबचा विचार करायची गरजच नव्हती. आम्हाला तिचे पटते. आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरोसा ठेवा, ही शिकवण आपल्या घरांत लहानपणापासून दिली जाते. आकाशात उडणारे डंक लोकांना दिसतात, टाळ्या घेतात. रेषेवर एकट्याने उभे राहून शंभर वेळा तोच चेंडू टाकणे कोणी पाहत नाही. उंट बांधणे ते. मुलांच्या अभ्यासातही हेच असते. अवघड प्रमेये येतात आणि साध्या बेरजेत गुण जातात.

पण हंगामाकडे बघायची आणखी एक बाजू आहे, आणि आम्हाला ती अधिक महत्त्वाची वाटते. त्या सामन्यात हकीमने 20 गुण केले, 18 वेळा परतलेला चेंडू पकडला आणि समोरच्यांचे सात फटके हवेत अडवले. त्या शेवटच्या टप्प्याचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचीच निवड झाली. हरलेल्या संघातला खेळाडू असा निवडला जाणे फारच क्वचित घडते. म्हणजे 34 सामने खेळून, 31 जिंकून, स्वतःकडून जे शक्य ते सारे करून एक विशी गाठलेला मुलगा हरला. आईवडील लागोसला, हजारो मैल दूर. त्या रात्री त्याच्या मनात काय चालले असेल, आम्हाला ठाऊक नाही. पण दादीचा प्रश्न आमच्या मनातून जाईना. त्या रात्री त्याला घ्यायला कोण आले असेल?

हा प्रश्न मागच्या हिवाळ्यात आमच्याच दारात आला. धाकट्याच्या कॉलेजचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत अंतिम फेरीत गेला. सामना एका गुणाने गेला आणि शेवटचे दोन फ्री थ्रो त्याचेच हुकले होते. आम्हाला हे त्याच्या मित्राकडून कळले. त्याचा स्वतःचा फोन रात्री उशिरा आला. "या रविवारी येत नाही मी. अभ्यास आहे." एवढेच. आम्ही काही विचारायच्या आत दादीने फोन मागून घेतला. "अभ्यास इथं कर," ती म्हणाली. "शुक्रवारी रात्रीच्या एसटीत बस. आम्ही डेपोत येतो."

तो बसला. एसटी पहाटे साडेचारला येते. एरवी तो रिक्षा करून घरी येतो, विसाव्या वर्षी मुलाला डेपोत घ्यायला कोण जातो? त्या दिवशी आम्ही दोघे, मुलगी आणि शाल गुंडाळून दादी असे चौघे त्या गार बाकावर बसलो होतो. गाडी चाळीस मिनिटे उशिरा आली. तो उतरला, आम्हाला सगळ्यांना बघितले आणि थबकला. मुलीने काही न बोलता त्याच्या पाठीवरची बॅग काढून घेतली. दादीने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "थंडी आहे, कानाला बांध." घरी येईपर्यंत सामन्याचा विषय निघाला नाही. फजर झाली, तांदळाची भाकरी आणि रात्रीचे माशाचे कालवण पोटभर खाऊन तो दुपारपर्यंत झोपला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानेच विषय काढला. "माझ्यामुळे हरलो," तो म्हणाला. आम्ही त्याला खोटा दिलासा दिला नाही. दोन फ्री थ्रो हुकले होते, हे खरेच होते. मुलीने विचारले, "सामन्यात तुमच्या संघाचे एकूण किती हुकले?" त्याला सांगता आले नाही. "मोज मग," ती म्हणाली. त्याने मित्राला फोन करून गुणपत्रक मागवले. अकरा. त्यातले दोन त्याचे. बाकीचे नऊ कोणाच्या लक्षात नव्हते, कारण ते शेवटच्या मिनिटात हुकले नव्हते. तो कागद बराच वेळ त्याच्या हातात होता.

वाचकांना वाटेल, आता आम्ही सांगणार की त्याने जिद्दीने सराव केला आणि पुढची स्पर्धा जिंकली. तसे झाले नाही. सराव त्याने केला, अजूनही करतो. सुट्टीत आला की फजरनंतर शाळेच्या मैदानावर जातो, बहीण बाजूला उभी राहून मोजते. पण पुढच्या स्पर्धेत त्यांचा संघ दुसऱ्याच फेरीत बाहेर पडला. तो हरून पुन्हा घरी आला आणि या वेळी आधी फोन करून विचारले, "कोण येतंय घ्यायला?"

ह्यूस्टनच्या त्या मुलांचेही असेच आहे. पुढच्या वर्षी, 1984 मध्ये हकीमचा संघ पुन्हा अंतिम सामन्यात गेला आणि जॉर्जटाउनकडून 84-75 असा पुन्हा हरला. कॉलेजचे विजेतेपद त्याला कधीच मिळाले नाही. गाय लुईस यांनाही नाही. 2013 मध्ये त्यांना बास्केटबॉलच्या मानाच्या दालनात स्थान मिळाले, 2015 मध्ये ते वारले. जिंकलेल्या बाजूचे काय झाले? व्हाल्वानो यांना दहा वर्षांनी कर्करोगाने नेले, वयाच्या 47 व्या वर्षी. शेवटचा गुण करणारा लॉरेन्झो चार्ल्स पुढे भाड्याच्या बसवर चालक झाला आणि 2011 मध्ये अपघातात गेला, तोही 47 व्या वर्षी. त्या एका क्षणाने जिंकलेल्यांचेही आयुष्य आखून दिले नाही आणि हरलेल्यांचेही.

हकीम 1984 मध्ये ह्यूस्टन शहराच्याच व्यावसायिक संघात, रॉकेट्समध्ये गेले. पहिले विजेतेपद मिळायला त्यांना दहा वर्षे लागली. 1994 मध्ये ते मिळाले. पुढच्या फेब्रुवारीत कॉलेजचा जुना सोबती ड्रेक्सलर त्यांच्या संघात आला आणि 1995 मध्ये दोघांनी मिळून पुन्हा विजेतेपद मिळवले. या मधल्या काळात त्यांच्या आयुष्यात दुसरेही काही घडले होते. तरुणपणी दीनशी सैलावलेले नाते त्यांनी पुन्हा घट्ट केले. 1991 मध्ये आपल्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग दुरुस्त करून ते हकीम असे लिहू लागले. 1995 मध्ये रमजान फेब्रुवारीत आला, ऐन हंगामात. दिवसाच्या सामन्यांत पाण्याचा घोटही न घेता ते रोजे धरून खेळले, आणि त्याच महिन्याचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. ह्यूस्टनच्या मध्यवस्तीतली 1928 सालची जुनी बँकेची इमारतही त्यांनी विकत घेतली. आज तिथे मशीद आणि इस्लामी केंद्र आहे. पुतण्या कधीकधी जुम्याला तिथे जातो. तो सांगतो, वेगवेगळ्या देशांतली, नुकतीच आलेली, कोणाला न ओळखणारी मुले तिथे भेटतात, आणि नमाजनंतर कोणी ना कोणी त्यांना विचारतोच, कुठला रे तू, राहतोस कुठे, जेवलास का?

ज्याला घ्यायला विमानतळावर कोणी नव्हते, त्याने विकत घेतलेल्या इमारतीत आज असे विचारणारे लोक आहेत. दादीला हे सांगितले तेव्हा ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने त्या माणसासाठी दुआ केली, एवढे आम्ही ऐकले.

वाचक बंधू-भगिनींनो, थोड्याच दिवसांत बारावीचे, दहावीचे, प्रवेश परीक्षांचे निकाल लागतील. काही मुलांचा प्रवेश दोन गुणांनी जाईल. काही मुली घराबाहेर पडून पहिल्यांदाच कुठे निवडीला गेल्या असतील आणि यादीत नाव नसेल. परदेशी गेलेला कोणाचा तरी मुलगा नोकरी न मिळता परत येईल. मोहल्ला तेव्हा शेवटच्या मिनिटाबद्दलच विचारील. ते त्याचे कामच आहे. आपण त्यांचा अख्खा हंगाम पाहिलेला असतो, पहाटेचा अभ्यास, उपाशी पोटी दिलेले पेपर, न पाहिलेल्या मालिका, न खेळलेले सामने. काय चुकले, किती हुकले, कुठला उंट बांधायचा राहिला, हे बोलायचेच आहे. तेही न लपवता, आकडे मांडून. पण ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

आमच्या घरात आता एवढे ठरले आहे. जिंकून या की हरून, गाडी कितीची आहे ते कळवायचे. डेपोत कोणीतरी असेल. आधी हातातली बॅग घेऊ, मग काय झाले ते विचारू.